संशयिताला बोलू द्या

एडगर अ‍ॅलन पो यांची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ ही कथा एप्रिल १८४१ मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘ग्रॅहम्स मॅगझिन’मध्ये छापून आली. आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात सहसा तिथून मानतात. पॅरिसमधल्या एका बंद घरात मायलेकींचा खून होतो. आरडाओरडा ऐकून धावत वर गेलेल्या शेजाऱ्यांच्या कानावर आतले दोन आवाज पडतात. एक घोगरा, फ्रेंच बोलणारा. दुसरा चिरका. या चिरक्या आवाजाविषयी जबाब घेतले जातात, तेव्हा इंग्रज म्हणतो भाषा जर्मन होती, स्पॅनिश माणसाला ती इंग्रजी वाटते, इटालियनाला रशियन. आणि आपण जी सांगतोय ती भाषा यांतल्या कुणालाच येत नसते. पोंचा गुप्तहेर द्युपाँ वर्तमानपत्रात छापलेले हे जबाब वाचतो आणि तिथेच त्याला वाट सापडते: तो आवाज माणसाचा नव्हताच. पुढे निघतो तो एक ओरांगउटान.

म्हणजे या प्रकारातल्या पहिल्याच कथेचा मोठा धागा पावलांचे ठसे किंवा रक्ताचे डाग हा नव्हता. लोक काय बोलले, यात तो होता.

आपल्याकडची मुलं रहस्यकथा लिहायला बसतात तेव्हा त्यांच्या कथेत तुटलेलं बटण असतं, चिखलातला बूट असतो, अर्धवट जळालेला कागद असतो. बोलणारी माणसं मात्र नसतात. असलीच तर ती अशी बोलतात:

“नमस्कार. मी गुप्तहेर विक्रांत. काल तुमच्या शाळेतून सहलीच्या पैशांचा डबा चोरीला गेला आहे. तुम्ही काल सायंकाळी पाच वाजता कुठे होतात?”

“नमस्कार साहेब. मी काल सायंकाळी पाच वाजता घरी होतो. मला या चोरीबद्दल काहीही माहीत नाही.”

“ठीक आहे. धन्यवाद.”

यात व्याकरणाची एकही चूक नाही. अवतरणचिन्हं जागच्या जागी आहेत, दर वक्त्याला नवी ओळ आहे. तपासणाऱ्या बाई पूर्ण गुण देतील. आणि तरीही हा संवाद मेलेला आहे, कारण यात कुणाला काही लपवायचं नाही, कुणाला कशाची घाई नाही, कुणाला समोरच्याचा राग नाही.

दोष मुलांचा नाही. शाळेत त्यांना संवाद भेटतो तो संवादलेखनाच्या प्रश्नात. झाड आणि लाकूडतोड्या, पुस्तक आणि मोबाइल, पाणी आणि माणूस. यातली दोन्ही पात्रं आळीपाळीने बोलतात, एकमेकांचं बोलणं तोडत नाहीत, निबंधातले मुद्दे वाटून घेतात आणि शेवटी मोबाइल पुस्तकाची माफी मागतो. पुढे दहावीच्या कृतिपत्रिकेत कथालेखन येतं, तिथे शीर्षक हवं, तात्पर्य हवं. अशी आठ-दहा वर्षं गेली की मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं की गोष्टीतली माणसं बोलतात ती माहिती द्यायला, आणि नेहमी खरंच बोलतात.

रहस्यकथेत नेमकं याच्या उलट चालतं. तिथे प्रत्येक जण काही ना काही दाबून ठेवून बोलतो. गुन्हेगार गुन्हा लपवतो, निरपराध माणूस आपली भलतीच लाज लपवतो, आणि गुप्तहेर आपल्याला किती कळलंय ते लपवतो. म्हणूनच संवाद शिकवायला रहस्यकथेसारखा वर्ग नाही, आणि संवाद न शिकवता मुलांकडून रहस्यकथा लिहून घेण्यात फारसा अर्थ नाही.

मुलांना हे जमेल का, अशी शंका घेण्याचं कारण नाही. खोटं बोलण्याची कला ती शाळेत यायच्या आधीपासून शिकत असतात. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये एक साधी गोष्ट सांगून मुलांना प्रश्न विचारले. मॅक्सी एका कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? अगदी लहान मुलं चॉकलेट खरोखर जिथे आहे ती जागा दाखवतात. साधारण चार-पाच वर्षांनंतर मात्र मुलाला उमगतं की मला माहीत असलेलं मॅक्सीला माहीत नाही. रहस्यकथा लिहिण्याचं निम्मं भांडवल एवढंच आहे. कुणाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचा हिशेब ठेवता आला पाहिजे.

उरलेलं निम्मं व्हिक्टोरिया टॉलवार आणि कांग ली यांच्या २००२ मधल्या प्रयोगात दिसतं. मुलाच्या पाठीमागे एक खेळणं ठेवलं, वळून बघायचं नाही असं बजावलं आणि संशोधक खोलीबाहेर गेले. पुष्कळ मुलांनी वळून पाहिलं. विचारल्यावर बऱ्याच जणांनी साफ नाकारलं. मग पुढचा प्रश्न आला: तुला काय वाटतं, कोणतं खेळणं असेल? तीन ते पाच वर्षांच्या बहुतेक मुलांनी बिनदिक्कत खेळण्याचं नाव सांगून टाकलं. सहा-सात वर्षांच्या साधारण निम्म्या मुलांनी मात्र आपल्याला ठाऊकच नसल्याचा आव आणला. खोटं बोलणं सोपं आहे, ते पुढच्या वाक्यात निभावणं अवघड. सगळ्या गुप्तहेरकथा या फटीवर जगतात.

ही फट आपल्या डब्याच्या चोरीत घालून पाहू.

“मावशी, बाईंच्या कपाटाला काल कुलूप होतं?”

“मला काय विचारतोस? किल्ली बाईंकडं असते.”

“असते. काल होती का?”

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. “एका निळ्या डब्यासाठी एवढा गहजब! दोन वर्षांमागं पंखा गेला, तेव्हा कुणी आलं नाही विचारायला.”

“डबा निळा होता?”

एवढ्याशा संवादात किती गोष्टी झाल्या पाहा. पहिल्या प्रश्नाला उत्तर न मिळता उलटा प्रश्न आला. मुलाने ‘असते’ आणि ‘होती’ यांतला फरक पकडला. मावशींच्या मनातली जुनी खदखद बाहेर पडली. आणि ज्या रंगाचा उल्लेखही झाला नव्हता तो त्यांच्या तोंडून निसटला. ‘मावशी घाबरून म्हणाल्या’ किंवा ‘मुलगा संशयाने म्हणाला’ असं कुठेच सांगावं लागलं नाही. झाडू भिंतीला टेकला, तेवढं पुरलं.

इथे एक तिरकस पण महत्त्वाची गोष्ट. मुलांच्या रहस्यकथेत चोर बहुधा गडी, माळी, रखवालदार किंवा शाळेतल्या मावशी असतात. घरात जे ऐकू येतं तेच वहीत उतरतं. यावर उपदेश करून काही होत नाही. पण त्या मावशींना चार वाक्यं बोलायला लावलं की लिहिणाऱ्या मुलालाच अडचण व्हायला लागते. पंख्याचा राग असलेली बाई आता नुसती ‘संशयित’ राहत नाही. आणि मग सुचतं की डबा निळा असल्याचं त्यांना माहीत होतं, कारण आदल्या दिवशी बाईंनी तो त्यांच्याकडूनच घासून घेतला होता. धागा खोटा निघाला, कथा लांबली, आणि चोर शोधायला मुलाला दुसरीकडे, बहुधा आपल्याच बाकाच्या आसपास, बघावं लागलं.

इंग्लंडच्या २०१४ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी स्पष्ट अपेक्षा लिहिली आहे, की कथेत संवाद असे गुंफावेत की पात्राचा स्वभाव कळेल आणि कृती पुढे सरकेल. ही अपेक्षा आपणही जशीच्या तशी उचलायला हरकत नाही. मात्र ती पुरी करण्याची हत्यारं बाहेरून आणायची गरज नाही. मराठीच्या व्याकरणातच गुप्तहेराच्या कामाचं इतकं सामान पडलंय की आजवर कुणी मुलांना ते या नजरेने दाखवलं नाही याचं नवल वाटतं.

निनावी चिठ्ठी घ्या. ‘मी कपाट उघडलं, डबा घेतला’ इथपर्यंत लिहिणाऱ्याचं बिंग फुटत नाही, कारण क्रियापद कपाटाच्या आणि डब्याच्या मागे जातं. पण पुढे ‘आणि पळाले’ असं आलं की चिठ्ठी मुलीची ठरते, ‘पळालो’ आलं की मुलाची. ‘मी उद्या येतो’ धोक्याचं, ‘मी उद्या येईन’ सुरक्षित. हुशार चोराला सगळी चिठ्ठी ‘घेतलं, ठेवलं, येईन, सांगेन’ अशी सांभाळून लिहावी लागेल, आणि त्याहून हुशार गुप्तहेराला त्या सांभाळण्याचाच वास येईल. शिवाय कोल्हापूरकडच्या मुली सर्रास ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. म्हणजे ‘पळालो’ वाचून सगळा वर्ग मुलांच्या मागे लागलाय आणि चिठ्ठी लिहिणारी कोल्हापूरहून नुकतीच बदलून आलेली मुलगी आहे, अशी पंचाईत करण्याची सोयही आहे.

किंवा ‘आम्ही’ आणि ‘आपण’. सईने सगळ्यांसमोर शपथेवर सांगितलंय की इरा त्या दिवशी गच्चीवर आलीच नव्हती. मधल्या सुट्टीत ती इराला हळूच म्हणते, “आपण गच्चीवर होतो तेव्हा शिपाईकाका कुठे होते गं?” संपलं. ‘आम्ही’ म्हणाली असती तर वाचली असती.

शिपाईकाकांचा जबाब तर याहून मजेदार होऊ शकतो. “ते साडेपाचला गेले,” एवढंच ते सांगतात. बालगुप्तहेर दोन पानं मुलांच्या एका टोळक्यामागे धावतो आणि शेवटी कळतं की ‘ते’ म्हणजे एकटे मुख्याध्यापक. काकांनी आदराने अनेकवचन वापरलं होतं.

सगळ्यात कामाचं म्हणजे ‘म्हणे’. ओंकार सुरुवातीला सांगतो, “डबा खालच्या कप्प्यात होता म्हणे.” पुढे भांडणाच्या भरात तोच म्हणतो, “खालच्या कप्प्यात होता डबा!” ऐकीव गोष्ट बघता बघता डोळ्यांदेखतची झाली. तीच गोष्ट ‘नेला’, ‘नेला असावा’ आणि ‘नेलेला दिसतो’ यांची. पाहिलेलं, अंदाजाने सांगितलेलं आणि खुणांवरून ताडलेलं वेगळं ठेवायला मराठी बोलणारं पोर घरातच शिकतं. फक्त ते पुराव्यासारखं वापरता येतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

बोलताना जोर कुठे पडतो, यावर तर अख्खी कादंबरी तोलली जाऊ शकते. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ (१९५०) मध्ये एका बाईला खुनाच्या वेळचं खोलीतलं दृश्य अचानक आठवतं. अमुक बाई तिथे नव्हती, एवढं ती ओरडून सांगते आणि सविस्तर सांगण्याआधीच मारली जाते. नंतर मिस मार्पल विचारतात ते एवढंच, की त्या तीन शब्दांत जोर कोणत्या शब्दावर होता? इंग्रजीत हे कागदावर दाखवायला तिरपी अक्षरं लागतात. मराठीत एक ‘च’ पुरतो. ‘दादाच घरी नव्हता’, ‘दादा घरीच नव्हता’, ‘दादा घरी नव्हताच’. पहिल्यात बाकी सगळे घरी होते, दुसऱ्यात दादा दुसरीकडे कुठेतरी होता, तिसऱ्यात बोलणारा कुणाचं तरी म्हणणं खोडून काढतोय. चौथीच्या मुलांकडून या तीन वाक्यांपुढचं एकेक वाक्य लिहून घ्यावं, तीन वेगळ्या कथा सुरू होतात.

हे सगळं तेव्हाच चालेल जेव्हा बाई आणि सर लाल पेन जरा आवरतील. अवतरणचिन्हांच्या आतली भाषा पात्राची असते. नागपूरचा मित्र “कुठं जाऊन राहिला बे?” असंच विचारणार आणि मालवणची आजी “खंय चललस?” असंच. त्याचं “तू कुठे चालला आहेस?” केलं की शुद्धलेखन सुधारतं आणि माणूस जातो. रहस्यकथेत तर नुकसान दुप्पट. बोलीवरून गाव कळणं हाही धागा असतो, तो शिक्षकच पुसून टाकतात.

गुप्तहेराला जोडीदार का लागतो, हेही मुलांना याच ओघात सांगता येतं. एकटा गुप्तहेर नुसता विचार करत बसतो आणि पानंच्या पानं ‘त्याला वाटलं’, ‘त्याच्या लक्षात आलं’ यांत जातात. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ पासून ब्योमकेशला अजित दिला. सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात फेलूदा आणला तेव्हा सोबत तोपशे होता, आणि १९७१ च्या ‘सोनार केल्ला’मध्ये त्यांना लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू येऊन मिळाले. जटायू स्वतः रहस्यकादंबऱ्या लिहितात आणि त्यांत ठोकून देतात. फेलूदा त्यांच्या चुका काढतो. वाचकाला जे सांगायचं ते या थट्टामस्करीतून सांगितलं जातं, आणि आपल्याला शिकवलं जातंय हे वाचणाऱ्या मुलाला जाणवतही नाही. अशोक जैन यांनी केलेले फेलूदाचे मराठी अनुवाद रोहन प्रकाशनाने काढले आहेत. शाळेच्या ग्रंथालयात ते असतील तर या एका कारणासाठी काढून वाचून दाखवावेत.

आपला फास्टर फेणे तर घरचाच. फुरसुंगीचा बनेश फेणे भा. रा. भागवतांनी उभा केला, आणि त्याचं ते ‘ट्टॉक’! जिभेचा एक आवाज, शब्दसुद्धा नाही. पण तो वाजला की फेण्याच्या डोक्यात काहीतरी पेटलंय हे दोन पिढ्यांना न सांगता कळलं. संवाद म्हणजे लांब वाक्यं नव्हेत, हे याहून स्वस्तात शिकवता येणार नाही.

मुलांवर सध्या जास्त परिणाम आहे तो मात्र पडद्याचा. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सीआयडी’ने हिंदीत आणि तिच्या पाठोपाठच्या मालिकांनी सगळीकडे एक सवय लावली. पोलीस एकमेकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी प्रेक्षकांसाठी पुन्हा सांगतात, आणि शेवटच्या पाच मिनिटांत गुन्हेगार स्वतःहून सगळी कहाणी भडाभडा ओकतो. मुलांच्या वह्यांत हाच शेवट दिसतो: “होय, मीच चोरी केली, कारण मला पैशांची गरज होती. मला माफ करा.” पान भरतं, तात्पर्यही निघतं. पण कबुलीजबाब हा रहस्यकथेतला सगळ्यात आळशी संवाद आहे. डोनाल्ड सोबोल यांनी १९६३ पासून लिहिलेल्या ‘एन्सायक्लोपीडिया ब्राउन’च्या छोट्या गोष्टींत बालगुप्तहेराला चोर सापडतो तो पुष्कळदा समोरच्याच्या सांगण्यातल्या एका विसंगतीवरून, आणि ती कोणती हे पुस्तकाच्या मागच्या पानांवर दिलेलं असतं. वाचकाला थांबून, मागे जाऊन संवाद पुन्हा वाचावा लागतो. वर्गात ही रचना एका तासात बसते.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. एक, रहस्यकथा म्हणजे हलकं साहित्य. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, मराठी माणसाने त्या वाचनालयांतून रांगा लावून नेल्या, आणि तरी वाङ्मयाच्या गंभीर चर्चेत त्यांना ओसरीवरच बसवलं गेलं. तो वाद मोठ्यांनी घालत बसावा; बारा वर्षांच्या मुलाला लिहायला बसवण्याशी त्याचा संबंध नाही. दुसरा आक्षेप पालकांचा: मुलांना खोटं बोलायला शिकवायचं का? पात्राच्या तोंडी पटेल असं खोटं घालायचं, तर लिहिणाऱ्याला खरं काय घडलं ते मिनिटामिनिटाने माहीत असावं लागतं. आळशी मुलाला ते जमत नाही. शिवाय ते खोटं कुठे फुटणार हेही त्यालाच ठरवावं लागतं. घरातल्या फोनवर रोज ‘म्हणे’ गाळून येणारे निरोप वाचणाऱ्या पालकांनी तरी या सरावाला नाक मुरडू नये.

करून घ्यायचं असेल तर पद्धत सोपी आहे. आधी गोष्ट लिहायचीच नाही. घटना ठरवायची आणि तीन पात्रांपुढे दोन रकाने आखायचे: याला काय माहीत आहे, हा काय लपवतोय. मग वर्गातल्या तीन मुलांनी एकेका पात्राचा जबाब, दुसऱ्याचा न बघता, लिहायचा. पोलिसी थाटात लिहिला तरी चालेल. ‘सदर इसम’ लिहायला मुलांना फार आवडतं. तिन्ही जबाब शेजारी ठेवले की विसंगती आपोआप वर येतात. एरिक केस्टनर यांच्या ‘एमिल आणि गुप्तहेर’ (१९२९) मध्ये चोर आगगाडीत एमिलला एक नाव सांगतो, पुढे दुसरं आणि पोलिसांपुढे तिसरं. एवढ्या ढोबळ विसंगतीपासून सुरुवात केली तरी हरकत नाही. उलटतपासणीचा संवाद त्यानंतर लिहायचा, आणि तो लिहून झाला की मोठ्याने वाचायचा. जे वाक्य तोंडात अडखळतं ते खोडायचं.

परीक्षा घेणाऱ्यांना यात काही बसवायचं असेल, तर प्रश्न असा घालून पाहावा: ‘सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी रात्रीतून रिकामी झाली. रखवालदार, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि दहावीतला रोहन यांच्यातला संवाद पंधरा ओळींत लिहा. तिघांपैकी एक जण खोटं बोलतो. कोण, ते लिहू नका.’ गुण देताना उत्तरपत्रिका आधी दुसऱ्या विद्यार्थ्याला वाचायला द्यावी. खोटं बोलणारा त्याला पहिल्या तीन ओळींत सापडला तर अर्धे गुण. पंधराव्या ओळीनंतरही सापडला नाही तरी अर्धेच. पुन्हा वरून वाचून एखाद्या ‘म्हणे’वर किंवा ‘च’वर त्याने बोट ठेवलं, तर पूर्ण.